दुसऱ्या सहा जोड्या

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी बाई निवळली असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. आजही त्यांचं नाव कुठं कानावर आलं की माझ्या जिवाची आग होते.

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला ते आम्हाला नेटवर्क शिकवायचे. आदिलाबादचं कॉलेज, वर्ग पोरांनी भरलेला, त्यात मराठी बोलणाऱ्या आम्ही चार मुली. सर तेलुगू आणि हिंदी मिसळून शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेनावर त्यांचा फार जीव. वही हातात घेतली की वाचायच्या आधी त्याचं टोपण काढायचे.

परीक्षेत प्रश्न आला: इथरनेट फ्रेमची रचना काढा आणि भागांना नावं द्या. मला तर आनंदच झाला, कारण अख्ख्या पुस्तकात तो एकच धडा मी कंटाळा न करता तीनदा वाचला होता.

फ्रेम म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याकडं काही धाडायचं असलं, मग तो फोटो असो की सातबाऱ्याचा उतारा, तर त्याचे आधी तुकडे होतात. एकेक तुकडा ठरलेल्या मांडणीत तारेवरून जातो, ती मांडणी म्हणजे फ्रेम. सगळ्यात पुढं एक-शून्य, एक-शून्य अशी नुसती ठकठक असते, समोरच्यानं कान टवकारावेत म्हणून; ती कोणी मोजत नाही. मग ज्याच्याकडं जायचं त्याचा पत्ता. मग ज्यानं धाडलं त्याचा. हे दोन्ही पत्ते अक्षर-आकड्यांच्या सहा-सहा जोड्यांचे असतात आणि प्रत्येक यंत्राला आपला पत्ता कारखान्यातच मिळालेला असतो. त्यानंतर आत कुठल्या जातीचा माल आहे त्याची खूण, मग माल, आणि शेपटाला एक पडताळा. माल फारच थोडा असला तर शून्यं भरून जागा पुरी करतात. वाटेत काही बिघडलं तर पडताळा जुळत नाही आणि घेणारा ती फ्रेम मुकाट टाकून देतो. का टाकली ते कोणाला सांगत नाही.

यात मला सगळ्यात काय आवडलं असेल तर घेणाऱ्याचा पत्ता पहिला असतो हे. यंत्र पहिल्या सहा जोड्या वाचतं आणि तिथंच ठरवतं, हे माझं की दुसऱ्याचं. तू कोण, कुठला, हा प्रश्न नंतरचा.

आमच्याकडं हे उलटं आहे. माझे बाबा दुसऱ्याच्या शेतात राबायचे. तहसीलमध्ये काम निघालं की बाहेर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जी लिहिणाऱ्यापुढं उकिडवे बसायचे, आणि तो मान वर न करता पहिला सवाल टाकायचा, किसकी तरफ से. नाव, बापाचं नाव, गाव, जात, सगळं वरच्या कोपऱ्यात लिहून झालं की मग खाली साहेबांचा हुद्दा. आधी फ्रॉम, मग टू. शाळेत तेलुगूच्या मास्तरांनीही तेच आमच्याकडून घोटून घेतलं. बाबांच्या कितीतरी अर्ज्या त्या फ्रॉमपाशीच अडकल्या. साहेब वरचा कोपरा वाचायचा आणि कागद खाली सरकवायचा. म्हणून लायब्ररीच्या पुस्तकात मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. लायब्ररीच्या पुस्तकात रेघ मारणं चूक आहे, मला माहीत आहे.

सरांनी माझ्या आकृतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल काट मारली. चार मार्कांनी मी नापास झाले. मी ते पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये गेले, म्हटलं, सर, यात पाहा, घेणाऱ्याचा पत्ता आधी आहे. त्यांनी पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्या सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अर्जी लिखी है कभी? पहले फ्रॉम, फिर टू. तेरे घर में किसी ने अर्जी लिखी क्या?" आणि हसले. मग बाकीचेही हसले. एक मॅडम होत्या, त्याही.

आता खरं सांगायचं तर फ्रेमच्या पोटात जे पॅकेट असतं त्यात धाडणाऱ्याचा पत्ता आधी येतो. सरांनी ते कधीतरी वाचलं असणार आणि बाहेरच्या पाकिटालाही तेच लावून मोकळे झाले. पण प्रश्न फ्रेमचा होता. हैदराबादच्या एका कंपनीत माझी निवड झालेली होती, पास होण्याच्या अटीवर. ती गेली. पुन्हा परीक्षेला बसले, तोच प्रश्न आला, तेव्हा मी आधी फ्रॉम लिहिलं, मग टू, आणि पास झाले. खोटं उत्तर लिहून पास झाले. हैदराबाद हुकल्यापेक्षा याचीच चीड मला जास्त आहे.

आज मी उटनूरच्या एका सरकारी दफ्तरात नेटवर्क सांभाळते. कंत्राटी. दरवर्षी मुदत संपते आणि साहेबांची दस्तखत होईपर्यंत जीव टांगणीला लागतो. ही नोकरी मला मावशीनं मिळवून दिली. मावशी काही सख्खी नाही. बाजारहत्नूरकडच्या आमच्याच गावची, आमच्याच बौद्ध वस्तीतली, दहावी पास झालेली पहिली बाई. माझ्या डिप्लोमाच्या प्रवेशाची अर्जी तिनं लिहिली होती, एकही खाडाखोड न करता. त्याच दफ्तरात ती सर्टिफिकेटं टाइप करायची. तीही कंत्राटीच. नवरा लकव्यानं खाटेवर, घर तिच्या एकटीच्या नोकरीवर. मी रुजू झाले त्या दिवशी तिनं साहेबांसमोर मला पुढं केलं आणि म्हणाली, "साब, ये हमारी बच्ची है, कॉम्प्युटर का पेट खोलके बताती."

पहिल्याच आठवड्यात मी दफ्तरातल्या सगळ्या एकतीस कॉम्प्युटरांचे पत्ते एका वहीत उतरवले. टेबलाखाली शिरायचं, मागचा स्टिकर वाचायचा. मावशी मोबाइलची बॅटरी धरून वाचून दाखवायची, मी लिहायची. सतरा नंबरच्या टेबलाला ती म्हणाली, "ही माही हाय वं. नीट लिव्ह, चुकवू नको." मी पेन्सिलीनं बाजूला 'मावशी' असं लिहिलं. मग प्रत्येक टेबलामागच्या भिंतीवर एक चिठ्ठी डकवली: बाहेरचा पेनड्राइव्ह लावणाऱ्याला कामावरून कमी केलं जाईल. खाली माझी सही. तसं करायचा मला काय हक्क होता? भीती घालायला लिहिलं होतं. साहेबांना ते फार आवडलं, त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर शिक्काही मारून दिला.

यंदा उन्हाळ्यात नेटवर्क अडखळायला लागलं. रोज साडेदहा वाजले की सर्व्हर हातपाय गाळायचा, सर्टिफिकेट निघायचं नाही. जंगलातल्या गावांहून आलेली माणसं व्हरांड्यात बसून राहायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, बाहेरून एक जाणकार येतो आहे, तो सांगेल दोष कोणाचा. "उनकी रिपोर्ट पे तुम्हारा रिन्यूअल, अम्मा." आणि जाणकाराचं नाव सांगितलं. सरांचंच.

टेबलाशी आले तर मावशी डबा उघडून बसलेली. "काऊन गप बसून राह्यली? जेव ना," म्हणाली. मी तिला सांगितलं, मावशी, तोच मास्तर येऊन राह्यला. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं भाकरीचा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "येऊ दे. तुह्या तोंडात का मूग हायेत?"

त्या दुपारी मी सर्व्हरवर येणाऱ्या फ्रेमा पकडून पाहिल्या. थवेच्या थवे, एकाच यंत्राकडून, थांबायचं नाव नाही. काहीतरी किडकं आमच्याच एका कॉम्प्युटरात शिरलं होतं आणि ते सर्व्हरला झोडपत होतं. पहिल्या सहा जोड्या अर्थातच आमच्या सर्व्हरच्या, कारण माल तिथंच येत होता. दुसऱ्या सहा जोड्या म्हणजे गुन्हेगार. वही खणात होती. दहा मिनिटांचं काम.

मी वही काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसले. उघडली नाही. उघडली असती तर मला कळलं असतं, आणि कळल्यावर मी उठून तार उपटली असती, इतकं मी स्वतःला ओळखते. मग नेटवर्क सुरू, आणि सरांना यायचं कारणच उरलं नसतं. मला ते यायला हवे होते. बारा वर्षं हवे होते.

पकडलेली फ्रेम छापायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत प्रत्येक भागापुढं नाव येतं, हा घेणाऱ्याचा पत्ता, हा धाडणाऱ्याचा, शेंबडं पोरही वाचेल. दुसरीत नुसत्या जोड्यांच्या रांगा, नाव ना गाव. मी दुसरी छापली. हा माणूस कोणाला विचारणार नाही, याची मला खात्री होती. आणि तो पहिल्या सहा जोड्यांनाच धाडणारा म्हणेल, याचीही. सर्व्हर माझ्या ताब्यातला, म्हणजे चोर मीच ठरणार. ठरू दे. मला तेच हवं होतं.

सर यायला चार दिवस लागले. चारही दिवस व्हरांडा भरलेला. एक म्हातारी नातीला होस्टेलात घालायचं म्हणून सर्टिफिकेटासाठी रोज यायची, पदरात कागद गुंडाळून. तीन दिवस आली. चौथ्या दिवशी आली नाही. मी हे पाहत होते आणि वही खणातच होती.

सर आले. केस काळे केलेले, खिशाला तीच दोन पेनं. त्यांनी मला ओळखलं नाही, त्याचा राग आणखी वेगळा. कागद हातात घेतला, लाल पेनाचं टोपण काढलं, आणि पहिल्या सहा जोड्यांभोवती गोल केला. शिपायाला म्हणाले, हा नंबर कुठल्या मशीनवर आहे ते पाहून ये. तो सर्व्हरपाशी, म्हणजे माझ्याच टेबलाशी येऊन थांबला. सरांनी तिथंच बसून त्याच कागदावर खाली हातानं रिपोर्ट लिहिला, की दोष सर्व्हरमधून निघतो आहे, सांभाळणारीचा हलगर्जीपणा आहे, तिला बदलावं. खाली झोकदार दस्तखत. मी पाणी नेऊन ठेवलं. ताकास तूर लागू दिली नाही.

साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मावशी दाराशी उभी होती, चष्मा पुसत. रिपोर्ट वाचून झाला, साहेब माझ्याकडं वळले. मी सरांना हिंदीत विचारलं, "सर, फ्रेममध्ये पहिल्या सहा जोड्या कोणाच्या?"

"भेजनेवाले की."

"नक्की?"

"पहले फ्रॉम, फिर टू. इतना तो आना चाहिए, अम्मा."

अगदी तेच शब्द. मी साहेबांच्या कॉम्प्युटरवर तीच फ्रेम उघडली, या खेपेला नावांसकट. साहेबांनी बोट ठेवून स्वतः वाचलं. पहिल्या सहा जोड्यांपुढं लिहिलं होतं, पोचायचा पत्ता. त्यांनी कागद धरला, पडदा पाहिला, परत कागद पाहिला आणि सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, हां, वो लेयर का फर्क है, प्रिंट भी ऐसा दिया. म्हटलं, सर, मी बारा वर्षांपूर्वी तुमच्याकडं पुस्तक घेऊन आले होते, तुम्ही ते उघडलं नाही. माझ्या घरी अर्जी कोणी लिहिली का, ते विचारलं होतं तुम्ही. आता तुमच्या रिपोर्टवर काट मारा आणि खाली दस्तखत करा.

खोलीत सगळे बघत होते. साहेबांनी मान हलवली. सरांनी लाल पेनानंच स्वतःच्या ओळींवर काट मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि दस्तखत केली. या दस्तखतीत झोक नव्हता. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. त्या एका मिनिटाइतका गोड घास मी जन्मात खाल्लेला नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"तो फिर भेजा किसने?" साहेब म्हणाले.

मी मोठ्या तोऱ्यात वही उघडली. दुसऱ्या सहा जोड्या मोठ्यानं वाचल्या आणि बोट खाली खाली नेत गेले. नऊ नाही, बारा नाही, पंधरा नाही. सतरावर बोट थांबलं. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, मावशी.

मला बोलता आलं असतं. परत एकदा तपासते साहेब, उद्या सांगते, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण सर माझ्याकडं बघत होते, लाल पेन अजून उघडंच होतं. मी अडखळले तर ते म्हणणार, बघा, हिलाही येत नाही. ते मला सोसलं नसतं.

"टेबल सतरा," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मावशीला आधी समजलंच नाही. मग शिपायानं तिच्या कॉम्प्युटरच्या मागून एक पेनड्राइव्ह काढून आणला. गावच्या विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका होती त्यात. दफ्तरातलं टायपिंग चांगलं दिसतं म्हणून वस्तीतल्यांनी तिला गळ घातली होती आणि तिनं जेवणाच्या सुट्टीत ती जुळवली होती. तिच्या बोटांनी आयुष्यात केलेली पहिली बेकायदा गोष्ट.

सरांनी पेनाला टोपण लावलं. उठता उठता दारातून बाहेर बोट दाखवून म्हणाले, "वहाँ दीवार पे तो रूल लिखा है." साहेबांनी शिपायाकडून चिठ्ठी मागवली, वाचली. मी म्हटलं, साहेब, ते नुसतं भीतीसाठी लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "दस्तखत तुम्हारी, मुहर मेरी. अभी सबके सामने क्या बोलूँ?" त्याच दिवशी एकाच फायलीत दोन कागद गेले. माझी मुदत एका वर्षानं वाढली आणि मावशीला कमी केलं.

दुसऱ्या दिवशी ती खण रिकामा करायला आली. डबा, खुर्चीवरची गादी, नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट. मी समोर उभी राहिले तर मलाच म्हणाली, "उभी काऊन? बस."

"मावशी, मले माहीत नव्हतं."

"त्या मास्तरनं काट मारली ना?"

"मारली."

"दस्तखत केली?"

"केली."

"मंग झालं." तिनं गादीची घडी घातली. घडी घालता घालता, माझ्याकडं न पाहता, तिनं विचारलं, "पण पोरी, वही तं तुह्यापाशीच होती. पहिले काऊन नाई पाह्यली वं? म्या त्याच दिवशी काढून टाकलं असतं ते."

मी म्हणाले, वेळ भेटला नाही. चार दिवस होते माझ्याकडं. तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि बसस्टँडकडं गेली. त्यानंतर मी गावी गेले की तिच्या घरावरून जात नाही, मागच्या बाजूनं जाते.

सरांच्या दस्तखतीचा तो कागद मी रंगीत झेरॉक्स काढून घरी ठेवला आहे. कपाटात, डिप्लोमाच्या सर्टिफिकेटखाली. मुद्दाम ठेवला, अधूनमधून काढून बघायला, जीव थंड करायला. लाल काट आहे, खाली त्यांची हललेली सही आहे, वर त्यांनी पहिल्या सहा जोड्यांभोवती केलेला गोल आहे. मी कागद काढते, उजेडाला धरते, आणि माझी नजर दर वेळी त्या गोलाच्या शेजारच्या जोड्यांवर जाते, ज्यांच्याभोवती कोणी गोल केलेला नाही. त्या आता मला पाठ आहेत.